मुंबादेवीच्या दर्शनाला जाताना

मी मेहरूणहून बोलतेय. बचत गटांचं काम बघते, त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच जणी मला ओळखतात. आज हिशोब नाही, कर्जाचे हप्ते नाहीत. आज आपण मुंबईतल्या एका देवळात जाऊ.

तुम्ही म्हणाल, मुंबईला कोण जातंय? पण आता आपण जायला लागलोय. कुणी वांद्र्याला भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात बिबड्या, उडदाचे पापड, केळीचे वेफर्स घेऊन जाते. कुणी घरातल्या आजारी माणसाला मोठ्या दवाखान्यात घेऊन जाते. कुणाचा मुलगा तिकडे नोकरीला आहे. काम आटोपलं की हाताशी अर्धा दिवस उरतो आणि मग सगळ्या विचारतात, "ताई, आता काय पाहायचं?" कुणी चौपाटी म्हणते, कुणी नटनट्यांचे बंगले. मी म्हणते, ज्या देवीवरून या शहराला नाव मिळालं, तिला आधी भेटून येऊ. ती मुंबादेवी.

देऊळ भुलेश्वर-काळबादेवी भागात आहे, झवेरी बाजाराला लागून. सोन्याची दुकानं, तांब्यापितळेची भांडी, कापडाच्या पेढ्या, हातगाड्या आणि डोक्यावर गठ्ठे घेऊन पळणारे हमाल, या सगळ्यांच्या मधोमध देवी बसलीय. आपल्या मनात मोठ्या शहरातलं मोठं देऊळ म्हणजे मोठं मैदान, मोठी कमान असं काहीतरी असतं. तसं इथे नाही. गल्लीतून चालता चालता एकदम फुलांच्या आणि नारळाच्या टपऱ्या दिसायला लागतात आणि वर पाहिलं की कळस दिसतो.

पण ही देवी आधी इथे नव्हती. हे कळलं की दर्शनाला वेगळीच गोडी येते, म्हणून थोडा इतिहास सांगते.

आज मुंबई एक सलग शहर दिसतं. पूर्वी ती सात बेटं होती. मुंबई, माझगाव, परळ, माहीम, वरळी, कुलाबा आणि छोटा कुलाबा. भरतीला मधे पाणी शिरायचं, ओहोटीला चिखल उरायचा. तिथे कोळी लोक राहायचे, मासे धरायचे. पुरुष समुद्रावर जायचे आणि आलेली मासळी बाजारात नेऊन विकायचं काम बायकांचं. आजही मुंबईच्या मासळी बाजारात जाऊन बघा, टोपलीमागे बाईच बसलेली असते आणि भावही तीच ठरवते. पैसे कमरेला आणि हिशोब तोंडपाठ. मुंबादेवी ही या लोकांची देवी. जशी आपल्याकडे धुळ्याला पांझरेकाठी एकवीरा, यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला मनुदेवी, तशी ती तिथल्या दर्यावर जाणाऱ्यांची आई.

तिच्या नावाबद्दल दोन-तीन गोष्टी सांगतात. एक अशी, की मुंबारक नावाचा दैत्य लोकांना छळत होता. देवीनं त्याला हरवलं. तो पाया पडला आणि म्हणाला, माझं नाव तू घे, म्हणजे ते राहील. म्हणून ती मुंबादेवी. काही जण म्हणतात, मुंगा नावाच्या कोळ्यानं देऊळ बांधलं, त्यावरून नाव पडलं. आणखी काही म्हणतात, महाअंबा या शब्दाचं बोलता बोलता मुंबा झालं. कुठलीही गोष्ट धरा, शहराचं नाव आलं ते देवीवरूनच. इंग्रज बॉम्बे म्हणायचे, आपण मराठी माणसं मुंबईच म्हणायचो. १९९५ साली सरकारी कागदावरही मुंबई झालं.

आता बायकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. ही बेटं पोर्तुगीजांकडे होती. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं. तिचं नाव कॅथरिन, त्याचं नाव दुसरा चार्ल्स. त्या लग्नाच्या करारात मुंबई हुंडा म्हणून दिली गेली. राजाला तिचं फारसं काही वाटलं नाही. १६६८ साली त्यानं वर्षाला १० पौंड भाड्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. म्हणजे बघा, ज्या शहराचं नाव एका देवीचं, ते शहर हुंड्यात गेलं. पण ना त्या राजकन्येला कुणी विचारलं, ना टोपली घेऊन बसलेल्या कोळणीला.

कंपनीनं तिथे किल्ला बांधला. देवीचं जुनं देऊळ बोरीबंदरच्या बाजूला होतं. अठराव्या शतकात किल्ल्याभोवतीची तटबंदी वाढवायची ठरली आणि देवळाला तिथून उठावं लागलं. मग देवी आत्ताच्या जागी आली. बोरीबंदर म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. स्टेशनची ती भली मोठी दगडी इमारत १८८७-८८ च्या सुमारास पुरी झाली आणि २००४ साली तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. जळगावहून रात्रीच्या गाडीत बसलं, की सुमारे ४२० किलोमीटर जाऊन सकाळी आपण जिथे उतरतो, त्याच भागात कधीकाळी मुंबादेवीचं देऊळ होतं. म्हणून मी आमच्या बायकांना सांगते, स्टेशनवर उतरलात की आधी मनातल्या मनात नमस्कार करा. आपण तिच्या जुन्या अंगणात उतरलोय.

नव्या जागी देवळाजवळ मोठा तलाव होता, मुंबादेवीचा तलाव. शहर वाढलं तसा तोही बुजवला. मुंबईत असे कितीतरी तलाव बुजले, आता नुसती नावं उरलीत. धोबीतलाव म्हणतात, पण तिथे धुवायला पाणी नाही. गवालिया टँक म्हणतात, तिथे मैदान आहे. आमच्या मेहरूणला तलाव अजून भरतो, संध्याकाळी माणसं काठावर फिरायला येतात. त्या गल्लीत उभी राहिले तेव्हा मला आमच्या तलावाची किंमत कळली.

आता आत चला. दर्शनाला रांग असते, नवरात्रात तर फारच. दाराशी पिशव्या तपासतात. त्याचा राग मानू नका. या भागानं बॉम्बस्फोट सोसलेत. २००३ साली ऑगस्टमध्ये देवळाजवळच्या झवेरी बाजारात स्फोट झाला, २०११ च्या जुलैमध्ये पुन्हा झाला. माणसं गेली. म्हणून तपासणी. गाभाऱ्यात देवीचा शेंदरी मुखवटा, डोक्यावर चांदीचा मुकुट, नाकात नथ, गळ्यात सोन्याचे दागिने. तिच्या डाव्या हाताला अन्नपूर्णा आहे, ती मोरावर बसलेली. समोर देवीचं वाहन वाघ. पटकन पुढे सरकावं लागतं, म्हणून काय बघायचं ते आधीच ठरवून जा. अन्नपूर्णेकडे बघायला विसरू नका. पापड लाटून घर चालवणाऱ्या आपण, तिच्याशी आपलं जुनं नातं.

इथपर्यंत सगळं छान. पण मला आज खरं सांगायचंय ते याच रांगेतलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही अकरा जणी गेलो होतो. माल चांगला खपला होता, सगळ्या खुशीत होत्या. घरूनच खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी अशी ओटीची तयारी नेली होती. देवळाबाहेर पोचलो आणि आमच्यातली एक ताई म्हणाली, "तुम्ही जा गं, मी चपला सांभाळते." आम्ही दहा जणींनी पटापट चपला तिच्यापुढे काढल्या आणि रांगेत गेलो. ओटी भरली, प्रसाद घेतला, एकमेकींना कुंकू लावलं. बाहेर आलो तर ती बावीस चपला-सँडल ओळीनं लावून पायरीशी बसलेली. तिनं बाहेरूनच हात जोडले होते.

परतीच्या गाडीत मला झोप येईना. शेजारीच फुलवाल्याची टपरी होती. त्याच्याकडून नारळ घेतला असता तर त्यानं चपला ठेवून घेतल्या असत्या. मग ती बाहेर का थांबली? तिचे मालक गेलेत, सहा वर्षं झाली. तिला कुणी अडवलं नव्हतं. देवळात तशी पाटी नव्हती. पुजाऱ्यानं आम्हाला कुणालाच विचारलं नाही, की बाई तुझा नवरा आहे की नाही. तिला आत जाऊ दिलं नाही ते आम्ही. "तू चल" असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. मी तर समन्वयक, मीसुद्धा चप्पल काढली आणि गेले. आमच्या गटाचं खातं तीच सांभाळते, बँकेत सगळ्यात आधी तिला पुढे करतो. देवीपुढे मात्र ती मागे.

तेव्हापासून मी शोधायला लागले, की देवळाच्या दारात माणसाला अडवायचे नियम येतात कुठून आणि जातात कसे. आपल्याच जिल्ह्यात त्याचं मोठं उदाहरण सापडलं. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, हे आपल्याला माहीत आहे. १९४७ च्या मे महिन्यात याच गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केलं. विठ्ठलाचं देऊळ दलितांना उघडं व्हावं, एवढंच मागणं होतं. दहा दिवस ते उपाशी राहिले, मग दार उघडलं. विठ्ठल तोच होता, नियम माणसांनी केला होता आणि माणसांनीच काढला.

पुढे १९५६ साली आपल्या राज्यात कायदा झाला, की हिंदूंच्या सार्वजनिक देवळात कुठल्याही हिंदू माणसाला जाण्यापासून अडवता येणार नाही. अडवलं तर शिक्षा आहे. १ एप्रिल २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की बायकांनाही हाच हक्क आहे. त्यानंतर आठवड्याभरातच शनिशिंगणापूरचा चौथरा बायकांना खुला झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाजी अलीच्या दर्ग्याबद्दलही निकाल आला आणि नोव्हेंबरपासून मुसलमान भगिनी आत मजारीपर्यंत जायला लागल्या.

लांबच्या देशातही असंच. जपानमध्ये शिंतो नावाचा जुना धर्म आहे. डोंगर, झाड, झरा, पूर्वज यांना तिथे देव मानतात. टोकियो हे केवढं मोठं शहर, पण त्याच्या मधोमध मेइजी जिंगू नावाचं देवस्थान आहे. ते १९२० साली उभं राहिलं. देशभरातल्या लोकांनी सुमारे एक लाख झाडं दिली, ती लावली आणि आज तिथे दाट जंगल आहे. आत जाताना लाकडी कमानीखालून जायचं, पळीनं पाणी घेऊन हात धुवायचे, तोंड खळखळायचं. मग देवापुढे दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचं. पायरीवर हातपाय धुऊन घंटा वाजवणाऱ्या आपल्याला हे काही परकं वाटणार नाही. त्याच जपानमध्ये पूर्वी कित्येक पवित्र डोंगरांवर बायकांना चढायला बंदी होती. १८७२ साली तिथल्या सरकारनं ती बंदी काढली. एखाद्या डोंगरावर ती अजूनही पाळतात. म्हणजे कागदावरचा नियम जातो, मनातला राहतो. आमचंही तेच झालं होतं.

मनातलाही काढता येतो, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं दाखवलं. ४ मे २०२२ ला त्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं.

आम्ही ठराव वगैरे काही केला नाही. गटाच्या बैठकीत मी फक्त झालेली गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "माझं चुकलं." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हातारी आजी म्हणाल्या, "देवी आई आहे ना? मग आई लेकीचा नवरा बघून घरात घेते का?" सगळ्यांना पटलं असं म्हणणार नाही. एकजण म्हणाली, आमच्याकडे चालत नाही, मी काही बोलणार नाही पण मला बरोबर धरू नका. आम्ही तिला धरलं नाही. वादही घातला नाही. आणि त्या ताईला विचारलं, तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, "मला कुणी चल म्हटलं असतं तर मी आले असते."

गेल्या वर्षी पुन्हा गेलो. चपला टपरीवर ठेवल्या. ओटीचं ताट तिच्या हातात दिलं. तिचा हात थरथरत होता, नारळ पडेल की काय असं मला वाटलं. पुजाऱ्यानं ताट घेतलं, देवीच्या पायाशी लावलं, प्रसाद दिला आणि "चला पुढे, पुढे चला" म्हणाला. सगळ्यांना म्हणतो तसंच. बाहेर आल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "देवीची नथ किती सुंदर आहे गं. मागच्या वेळी तुम्ही सांगितलंच नाही."

मैत्रिणींनो, तुम्ही जाल तेव्हा उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगून थांबते.

जळगावच्या काही गाड्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जातात, काही दादर किंवा कुर्ल्याच्या टर्मिनसला. तिकीट काढतानाच बघून घ्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून देऊळ जवळ आहे, सगळ्या धडधाकट असाल तर चालत जाता येतं, नाहीतर टॅक्सी करा. वांद्र्याहून निघालात तर चर्चगेटकडे जाणारी लोकल धरा आणि मरीन लाइन्सला उतरा. लोकलमध्ये बायकांचा वेगळा डबा असतो, तोच धरा. सकाळी आणि संध्याकाळी कामावर जाण्यायेण्याच्या वेळी फार गर्दी असते, दुपारची वेळ बरी. उतरायचं स्टेशन यायच्या आधीच दाराशी सरका, गाडी फार थोडा वेळ थांबते.

प्रत्येकीच्या पदराला किंवा पिशवीत एक चिठ्ठी हवी. त्यावर आपलं नाव, गटप्रमुखाचा फोन आणि मुक्कामाचा पत्ता. मोबाइलची बॅटरी संपते, चिठ्ठी संपत नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा. माल विकून आलेला पैसा एकीजवळ ठेवू नका, वाटून घ्या, आणि झवेरी बाजारातून जाताना गळ्यातलं झाकून घ्या. देवळाच्या वेळा सणावारी बदलतात, म्हणून निघायच्या आधी चौकशी करा.

ओटी घरून नेलीत तर स्वस्त पडते. फुलं तिथेच घ्या, पण भाव आधी विचारा. कुणी मागे लागून खास दर्शन करवतो म्हणाला, तर हात जोडा आणि रांगेत उभ्या राहा. देवी रांगेतल्यांनाही तेवढीच दिसते.

आणि निघण्याआधी आपल्या गटात नजर फिरवा. कोण मागे राहतेय? कोण म्हणतेय, मी सामान बघते, मी पोरं सांभाळते, मी चपलांपाशी थांबते? कुणाचा नवरा गेलेला असेल, कुणाला सोडून दिलेलं असेल, कुणाला मूल नसेल. ती स्वतःहून पुढे येणार नाही, कारण कितीतरी वर्षं तिला मागे राहायची सवय लावलीय. तिला "चल" म्हणायला कायदा लागत नाही, उपोषण लागत नाही. तोंड उघडावं लागतं, तेवढंच. आम्हाला त्याला एक वर्ष लागलं. तुम्हाला एवढा वेळ लागू नये, म्हणून आज हे सांगितलं.